बटणाची उंची

दस्तगीरनं भिंतीवर तळहात टेकून विचारलं,
"वहिनी, मागच्या खेपेला कुठवर होतं?"
मी बोट दाखवलं.
रंगाचे तीन हात देऊनही
ती रेघ मला अजून दिसते.
तिच्यावर वीतभर मोजून
त्यानं पेन्सिलीनं फुली मारली,
आणि दोन दिवसांत घरातली सगळी वीज
माझ्या डोक्याच्या वर नेऊन ठेवली.

माझी उंची चार फूट दहा.
ट्यूब लावायला आता लाटणं लागतं.
पंख्यालाही.
मिक्सरची पिन खोचायला स्टूल,
आणि स्टूल धरायला कुणीतरी.
कुंदा चौगुले म्हणाली,
"जिराफासाठी घर बांधलंय का काय गं?"
म्हटलं, नदीसाठी.
आमच्यात उंच ती एकटीच.

लोकांना वाटतं पाणी दारातनं येतं.
सांगलवाडीत कुणालाही विचारा,
दाराशी ते शेवटी येतं,
पाहुण्यासारखं, चारचौघांच्या देखत.
त्याआधी येतं संडासाच्या भांड्यातनं,
मोरीच्या जाळीतनं, रात्री अडीचला,
बुडबुडत,
घरातलंच कुणी चूळ भरत असल्यासारखं.

म्हणून पाइपात झडप बसवली.
आतलं बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही.
मालक म्हणाले, एवढीशी, आणि साडेतीन हजार?
दस्तगीर म्हणाला,
"दादा, काळजात याच्यापेक्षा बारकी असती."
मालकांनी पैसे मोजून दिले.
त्या रात्री बराच वेळ
छातीवर हात ठेवून पडले होते.

सिलिंडर तरंगतो, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.
आमचा निघाला स्वयंपाकघरातनं
आणि देव्हाऱ्याला जाऊन धडकला.
आता त्याच्या गळ्यात दावं,
खिडकीच्या गजाला निरगाठ.
दारात म्हैस हवी होती मला.
तेवढी हौस भागली.

आणि वारा?
वैशाखातल्या वळवानं पडवीचा पत्रा उचलला,
तो तिसऱ्या दिवशी लाडांच्या उसात सापडला,
वर ठेवलेला दगड मात्र आमच्याच अंगणात,
तुळशीपासून हातभर लांब.
हातभर.
त्या हातभर जागेत ओवी सागरगोटे खेळते.
दुसऱ्या दिवशी पत्र्यावरचे सगळे दगड खाली उतरवले,
प्रत्येक वाशाला हुक, खाली वायसर, भोकावर डांबर.
दगडांवर ओवी आता अभ्यासाला बसते.

विम्याच्या कागदावर एक प्रश्न होता:
नुकसान टाळण्यासाठी काय उपाय केले?
लिहायला जागा दोन ओळी.
मी लिहिलं, झडप, हुक, बटणं वर.
दावं लिहिलं नाही. हसतील.
कपाटाचा खालचा कप्पा बारमाही रिकामा असतो,
तेही लिहिलं नाही.
आणि सासऱ्यांच्या हातची वजनं-मापांची वही
दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर टाकली आहे,
कुणी वाचत नाही, तरी
ती भिजली तर मालक जेवणार नाहीत,
हे कुठल्या रकान्यात बसतं?

आज पुलाला एकतीस फूट.
कोयनेतनं सोडलंय म्हणतात, उद्या कळेल.
मालक फोन उपडा ठेवतात, सुलटा करतात,
परत उपडा ठेवतात.
मी पोळ्या लाटतेय. चार जास्तीच्या,
रस्ता बंद झाला तर म्हणून.
अंधारलं तसं
तेच लाटणं उचलून बटण दाबलं,
आणि उजेड पडल्यावर दिसलं:
या खोलीत, त्या खोलीत, माजघरात,
प्रत्येक बटणावर पीठ.

पाण्याच्या रेघेच्या वीतभर वर
घरभर एक पांढरी रेघ,
तुटक, बोटभर, माझी.

दिवाळीला रंग काढायचं चाललंय.
मी सांगून ठेवलंय,
भिंती काढा.
बटणं पुसायची नाहीत.