नऊ आकडे, पाच गाड्या

कुलासोबाबांनी मला पॅक्ड डेसिमल शिकवलं ते
म्हापशाच्या स्टँडवर, पायलटांच्या रांगेकडे हनुवटी करून.
"ते पिवळं मडगार्ड म्हणजे एक बाईट.
गाडीवर दोघं मावतात.
एकट्या आकड्याला अख्खी गाडी कशाला देतेस?"
डिस्क तेव्हा महाग होती, आणि ते स्वभावानेही चिकट.

नऊ आकडे, पाच गाड्या.
चार गाड्यांवर दोघं दोघं.
पाचवीवर पुढे शेवटचा पैसा,
आणि त्याच्या मागे, पिशवी मांडीवर घेऊन, चिन्ह:
सी असेल तर जमा,
डी असेल तर नावे.

दशांशाचा बिंदू कुठल्याच गाडीवर नसतो.
मग रुपये कुठे संपतात, मी विचारलं.
"आमच्या भाटाची मेर तुला दिसते?
नाही ना? पण नारळ पडला
की कुणाचा ते दोन्ही घरांना कळतं."
(पुढे त्याच मेरेवरून ते सतरा वर्षं कोर्टात होते.
ते वेगळं.)

मार्चअखेर. पणजीला, पाटोवर, रात्रपाळी.
एसीच्या थंडीत शाल गुंडाळून बसलेली मी,
बाहेर खारफुटीचा ओहोटीचा वास.
दोन वीसला व्याजाचा प्रोग्राम पडला.
एस-झीरो-सी-सेव्हन.
म्हणजे जिथे आकडा हवा तिथे भलतंच काही.

हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर डंप काढला,
पेन्सिलीने घरं मोजत गेले,
आणि एका खात्यात, शिल्लक असायची तिथे,
चाळीस चाळीस चाळीस चाळीस चाळीस.

कोरी जागा.
कुणी रक्कम लिहिलीच नव्हती,
आणि मशीन कोऱ्या जागेलाही आकड्यातच ओळखतं,
तिचा आकडा चाळीस.
सरळ वाचलं तर
चाळीस लाख चाळीस हजार चारशे चार रुपये, चार पैसे.
फक्त शेवटच्या गाडीवर मागे
चिन्हाच्या जागी एक शून्य येऊन बसलेलं,
त्याला विचारावं जमा की नावे
तर ते नुसतं बघत राहणार.

रुझार फेर्राव, शिवोली. धंदा: तारवटी.
सकाळी शाखेत फोन केला. गुणाजी म्हणाला,
हो, बोट पकडायच्या आदल्या दिवशी आला होता,
सही केली, फोटो चिकटवला,
पैसे म्हणाला तिथून पाठवतो.
त्याची बायको येते ना, पिएदाद,
दर सोमवारी पासबुक घेऊन.
मी सांगतो काही नाही. ती विचारते,
काही नाही म्हणजे शून्य,
की अजून काही नाही?
"मी काय सांगणार, बाय?
मी आपला शिक्का मारतो."

पण हे सगळं सकाळचं.
रात्री तीनला मी एकटीच होते
आणि रन थांबलेली.
चार बाईट शून्यांच्या भरल्या,
पाचवीत एक शून्य, आणि त्याच्या मागे कोण?
एफ चालला असता, चिन्हाच्या भानगडीत न पडणारा.
मी सी बसवला.
वहीत लिहिलं: एक खाते कोरे होते, शून्य केले.
कुलासोबाबांनी खाली आद्याक्षरं टाकली,
आणि शेजारी, लाल शाईत,
"सी का?"
त्याचं उत्तर मी कधी दिलं नाही.

ऑगस्टात ड्राफ्ट आला. अकराशे रुपये.
प्रोग्राम काही पडला नव्हता,
डंपचं काही कारण नव्हतं,
तरी मी काढला, तेवढं एकच पान:
शून्य शून्य.
शून्य एक.
एक शून्य.
शून्य शून्य.
शून्य सी.
मधल्या दोन गाड्या बघत बसले थोडा वेळ.
एकावर तो मागे बसलेला,
दुसरीवर पुढे.