ठराव क्रमांक चार

मार्चमधल्या वह्यांना गंधकाचा वास येतो.
सावळजच्या माळावरची आमची शाळा,
तिसरीच्या एकतीस वह्या,
पानं एकमेकांना चिकटलेली,
सातच्या पाढ्यावर अर्धा बेदाणा चपटा होऊन बसलेला.
तो नखाने काढायचा आणि खाली तांबड्या शाईने
'टापटीप ठेवावी' लिहायचं,
असं मी अकरा वर्षं करत आले.

यंदा मोजलं.
नऊ वह्यांत अक्षर मुलांचं नव्हतं.
सहा एकाच वहीवरून उतरलेल्या,
चुकीसकट : सात आठे चोपन्न.
चार आल्याच नाहीत,
त्यांचे मालक बाकाखाली
चपलेचा तुटका अंगठा बघत बसले.
उरलेल्यांत अभ्यास होता.
उरलेल्यांच्या घरी टेबल होतं.

मुजावर गुरुजी म्हणाले, बंद करून बघू.
पहिली ते चौथी, लेखी काही नाही.
समिती व्हरांड्यात बसली,
तानाजी झांबरे अध्यक्ष, चहा त्यांच्याच हॉटेलातला.
"आवो बाई, त्या इंग्लिश मिडियमला
एवढीएवढी पोरं धा-धा पानं लिवत्यात,
अन् आमच्यांनी नुसतं हुंदडायचं व्हय?"
मी म्हटलं, शेडवर जातात ती. हुंदडत नाहीत.
कुणी बोललं नाही.
शेड झांबऱ्यांचंच होतं.

ठराव क्रमांक चार, सर्वानुमते.
सूचक, अनुमोदक, सह्या, एक अंगठा.

पहिला आठवडा हलका गेला.
वही खाणारी शेळी, रोज रात्री जाणारी लाईट,
पाण्यात पडलेलं दप्तर, आजारी आत्या,
ही सगळी मंडळी
एकदम गाव सोडून गेल्यासारखी.
प्रांजल कोळेकर म्हणाली,
बाई, मी काल जाळीवर पडून चांदण्या मोजल्या,
एकशेबारानंतर झोप आली.
मी ते हजेरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं,
कुठल्या रकान्यात बसेना म्हणून.

शुक्रवारी तिची आई आली.
वैजयंता. दारातच उभी,
बोटांची टोकं पिवळट, पदराला डिपिंगच्या तेलाचे डाग.
मला वाटलं, गणवेशाचं काही असेल.
"बाई, घरचा अभ्यास का बंद केलासा?"
मी तयारच होते. ओझं म्हटलं, वय म्हटलं,
खेळ म्हटलं, झोप म्हटलं.
ती मान हलवत राहिली,
शेवटच्या बाकावरची मुलगी
न कळलेल्या गणिताला हलवते तशी.
मग हळूच,
"प्रांजल झोपली की मीच लिवायची.
सातवीत काढलं मला शाळंतनं.
तुमी खाली 'छान' लिवायचासा न्हवं,
ते मला असायचं."

ती गेल्यावर कपाट उघडलं.
जूनपासून अक्षर सरळ होत गेलेलं,
'ळ'ची गाठ आधी सैल, मग घट्ट.
दिवाळीनंतर एक चूक नाही.
आणि फेब्रुवारीत, माझ्याच हाताने :
'अक्षर सुंदर. आईला दाखव.'

नऊ वह्या होत्या तशा.
बाकीच्या आठ मी अजून उघडल्या नाहीत.

ठरावात आयांबद्दल ओळ नाही.
गुरुजींना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले,
त्याला कुठं मंजुरी लागते?
म्हणून दुकानातून एक दुरेघी वही आणली,
नाव घालायची जागा कोरी ठेवली,
ती तिनेच भरली, आडनावाआधी थोडं थांबून.

पहिला अभ्यास सुचेना.
शेवटी लिहून दिलं :
'तुमच्या शेडवर दिवसभर काय होते,
दहा ओळींत लिहा.'

तिने चौदा लिहिल्या.
धुरीच्या वेळी डोळे कसे मिटायचे,
काडी कशी खुडायची,
कुठला माल दुबईला, कुठला चिक्कीला.
नवव्या ओळीत आकडे :
सव्वीस दिवस, साडेतीनशेने, नऊ हजार शंभर.
हातात आले आठ हजार चारशे.

मी दोनदा तपासलं.
तिचं बरोबर आहे.

शेरा काय लिहावा ठरत नाही.
वही अजून माझ्याकडेच आहे.