एकटीच

हुकमात लिहिलंय, माझं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही.
मी साक्षीदार क्रमांक चार.
होडीच्या नाळीवर मात्र ते अजून आहे, निळ्या रंगात,
नवऱ्याने काढलेलं, शेवटचं अक्षर जरा वाकडं.

दारात कोळेकर हवालदार. आटपाडीचा.
भरती गडग्याला लागली
की खुर्ची उचलून पडवीत येतो,
बंदूक मांडीवर, विचारतो,
"ताई, हे किती वर येतं?"
येतं तेवढंच येतं, म्हणते मी.

तो आल्यापासून माझी मासळी कोणी घेत नाही.
धमकी कोणी दिली नाही, खोटं का बोलू?
रेशनवर, एसटीच्या थांब्यावर मायेनेच विचारतात,
"काय गो, बरी आसस मां?
चेडू खंय शिकता तुजा?"
मी पिशवीची गाठ सोडते, पुन्हा बांधते.

ओरोसच्या कोर्टात हिरवा पडदा लावला होता,
सरकारी दवाखान्यातला, कडेला औषधाचा डाग.
पट्टेवाल्याने तीनदा पुकारलं,
साक्षीदार क्रमांक चार,
मी बसूनच.
कोळेकरने कोपर लावलं तेव्हा उठले.

पडदा जमिनीला टेकत नव्हता.
वीतभर फटीतून तिघांचे पाय.
दोघांच्या चपला नव्या.
तिसरा पाय सारखा हलत होता, तो मी ओळखला.
चौथीत असताना त्यात काच गेली होती,
हळद मीच दाबलेली.

वकिलांनी घड्याळ विचारलं.
घड्याळ नाही माझ्याकडे. अवस होती, म्हटलं,
अवसेला पहाटे सुकती,
तिसऱ्या काढायला तेव्हाच खाडीत उतरतो.
टायपिस्टने मान वर केली, सुकती म्हणजे?
न्यायाधीशबाई म्हणाल्या, ओहोटी लिहा.

"अवसेच्या काळोखात चेहरे दिसले तुम्हाला?"
दिसले. दिवा त्यांच्याच होडीवर होता.
वाळू चोरायलाही उजेड लागतो, साहेब.
त्याच उजेडात उत्तम कोतवाल उभा होता,
मांडीभर पाण्यात, वही डोक्याशी धरून,
होड्या मोजत, मोठ्याने.
पाचपर्यंत आला.
सहावी मी मोजली.

मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण होतं?"
पंखा फिरत होता. तो पाय थांबला.
एकटीच, म्हटलं.

शपथेवर बोललेलं तेवढंच खोटं.
दोघी होतो आम्ही.
ती ओरडणार होती,
मी चिखलाचा हात तिच्या तोंडावर दाबला
आणि उत्तमचं पाण्यावरचं हलणं थांबेपर्यंत काढला नाही.
तिचा नवरा त्यांच्याच डंपरवर आहे.
तिचं नाव मी इथेही लिहीत नाही.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी दारात टोपली.
हात लावू नका, कोळेकर ओरडला.
फोटो झाले, दोन पंच आले, पंचनामा झाला:
अज्ञात इसमाने साक्षीदाराच्या मनात
दहशत निर्माण करण्याच्या हेतूने
अंदाजे दोन किलो तिसऱ्या.

मी बघत होते.
तीन पाण्यांत धुतलेल्या, एक कण वाळू नाही,
आणि वर भेंडीचं पान, उलटं.
गावात पान उलटं ठेवणारी बाई एकच.
दाखवतील तिथे मी सही केली.

दुपारच्या उन्हात सगळ्या उघडल्या, वास सुटला.
कोळेकर नाकाला रुमाल लावून म्हणाला,
"ताई, टाकून देऊ का?"
मुद्देमाल आहे, म्हटलं, राहू दे.

बंदोबस्त तीन महिने वाढला.
अवसेला मी पुन्हा उतरले,
कोळेकर मागोमाग, बूट हातात घेऊन,
घोट्याभर पाण्यात देवाचं नाव घेत.
पलीकडच्या काठाला बॅटरी लागली,
जराशी माझ्या दिशेने वळली,
गणवेशावर आली
आणि विझली.