परिपत्रक, मे महिना

तांब्याचा भाव परत चढला. हे पहिलं.
मग बनावट एमसीबीचा इशारा:
खोक्यावरचा शिक्का ओल्या अंगठ्यानं पुसून बघा,
पुसला गेला तर माल घेऊ नका.
विम्याचे फॉर्म कार्यालयात, चार ते सहा.

नवी पेठेतली ही माडी, बेचाळीस डिग्री.
वीजमाल विक्रेत्यांच्या संघात
पंखा तेवढा आवाज करतो.

खाली दोन ओळी उरल्यात.
तिथं येमूल जायचेत, अंबादास नरसय्या,
साखर पेठ, सभासद क्रमांक सत्तेचाळीस.
बल्ब विकताना आधी होल्डरला लावून दाखवायचे,
गिऱ्हाईक कितीही घाईत असो.
पेटला की म्हणायचे, आता तुमचा.
लूमवाल्यांना दिलेले स्टार्टर उधारीतच राहिले.
त्याबद्दल मीटिंगमध्ये कधी बोलले नाहीत.

यादीतला नंबर खोडायच्या आधी फिरवून बघितला.
मागं कुठंतरी मागाचा खडखडाट, मग मुलीचा आवाज:
"दुकान उघडं आहे की. काय पाहिजे?"
संघातून बोलतोय, म्हटलं.
"बरं झालं. नव्वद मीटरची कॉइल
आज कितीला धरू?"
सांगितला भाव.
तिनं तो तेलुगूत कुणाला तरी ओरडून सांगितला.

वारसाच्या फॉर्मवर छापलंय: मुलाचे नाव.
'मुलाचे'वर रेघ मारली.
सुवर्णलता, निळ्या पेनानं, जागा पुरली नाही.

मग शेवटच्या दोन ओळी.
'त्यांच्या पश्चात'
एवढं टाइप करून थांबलो,
पाणी पिऊन आलो.

'त्यांच्या पश्चात दुकान चालू आहे.'