फळी

पहिल्यांदा मारिसेलनं फळी आणली तेव्हा
मी ती उलटी करून पाहिली.
गाठ कुठं, कड कुठं पिचलीय.
सोळा वर्षं हेच केलं, पाय टाकण्याआधी फळीला विचारायचं.
एकदाच राहिलं विचारायचं,
घाल्यात, टाकीच्या पोटाशी,
जेवणाची शिटी झाली होती.

ही पडत नाही, ती म्हणाली.
म्हटलं, फळी कुठं पडते, बाई.

मस्कतची खिडकी. बाहेर डोंगर,
करपलेल्या भाकरीसारखा, झाड म्हणून नाही.
दर दोन तासांनी मला कुशीवर वळवतात :
एकदा डोंगर, एकदा खलफान.

खलफान रुस्ताकचा, खजुरावरून पडलेला.
हातातला नराचा तुरा पडतानाही सोडला नाही म्हणतो.
मी सांगितलं, आमच्याकडे पोफळीवर चढतात,
झोका देऊन या झाडावरून त्या झाडावर जातात,
खाली उतरतच नाहीत.
तो बराच वेळ गप्प.
आणि पडत नाहीत?
पडतात, म्हटलं.
त्याला बरं वाटलं. खरं तर मलाही.

सोमवारी डॉक्टर टाचणी घेऊन येतो.
डोळे मिटा. टोकदार की बोथट?
बेंबीपर्यंत मी हुशार विद्यार्थी,
त्याखाली नुसता अंदाज.
एकदा छाती ठोकून म्हणालो, टोकदार!
त्यानं टाचणी लावलीच नव्हती.
काही बोलला नाही, पुढच्या बोटाकडे गेला.
त्याचे उपकार.

चार तासांनी नळी, गजर लावून.
पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडलो.
आता पडद्याआडून खलफानशी
खजुराच्या भावावर वाद घालत उरकतो.

लांब दांड्याचा आरसा दिलाय, रोज पाठ तपासायला.
एक्केचाळीस वर्षं सोबत असलेली पाठ
आत्ता पाहिली. अब्बांची आहे, हुबेहूब.

रात्री पाय उडतो.
फोनवर जुलेखानं पाहिलं अन् ओरडली,
हलला, हलला! शेजारणीला बोलावलं.
कसं सांगू, तो माझं ऐकून हलला नाही,
भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी भांडं पाडलंय.
म्हटलं, हो, हलला.

कंपनीचा माणूस संत्री आणि कागद घेऊन आला.
तीन सीटा धरू, आडवा नेऊ, म्हणाला.
एकच धरा, म्हटलं. बसून जाईन.
बोलून गेलो.
तेव्हा मला उशीशिवाय दहा मोजेपर्यंतही बसता येत नव्हतं.

फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं खुर्चीवर.
डोकं उलट्या अंगाला, भार मुठींवर.
मधे वीतभर पोकळी.
खाली बघू नका, मारिसेल म्हणते.
नव्या पोरांना हेच सांगायचो मी,
नवव्या मजल्यावर.
सरकलो. चार बोटं. थांबलो.
अजून चार.
खलफाननं पलीकडून अल्लाचं नाव घेतलं, जरा जास्तच मोठ्यानं.

दुपारी ती फॉर्म भरायला बसली.
घराला उंबरा आहे? किती उंच?
हर्णैला फोन लावला.
जुलेखा उंबऱ्याशी उकिडवी बसली, हात टेकला :
एक वीत आणि दोन बोटं.
मारिसेलला सेंटिमीटर हवेत.
मी माझी वीत तिच्या टेपवर ठेवली,
मग अंगठा थोडा आत घेतला.
तिचा हात लहान आहे, म्हटलं.
इथपर्यंत धरा.