नववा रकाना

फॉर्मवर नववा रकाना आहे कारणाचा.
लोक तिथे येऊन अडतात,
पेनचं टोपण दातांत धरून
खिडकीच्या जाळीतून माझ्याकडे बघतात.
मी म्हणतो, आत्मरक्षा लिहा.
अठ्ठावीस वर्षं हेच सांगत आलोय,
ग्वाल्हेर, कलेक्टर कचेरी, शस्त्र शाखा, खोली अकरा.
जोडाक्षरं चुकली तर मीच नीट करून देतो.

गेल्या मंगळवारी मुरारच्या एका मॅरेज गार्डनमध्ये
डीजेवर कुठलं गाणं लावायचं यावरून बाचाबाची झाली.
आधी दोन गोळ्या आभाळात, रिवाजाप्रमाणे.
मग हात खाली आला.
चौघं गेली.
नवऱ्या मुलाची आत्या, बँडमधले दोघं,
आणि डोक्यावर दिव्यांचं झाड घेऊन चालणारा
नेकराम, वय सतरा.
तो पडला तरी दिवे जळतच होते म्हणे.
जनरेटरला काय ठाऊक.

बुधवारी शहराला कंठ फुटला.
दौलतगंजात चहाचा ग्लास विसळता विसळता एकजण म्हणाला,
बंदूक काय करते हो, बोट करतं.
मग बोटांनाच लायसन लावा, दुसरा म्हणाला,
आणि दोघंही हसले, आणि मीही.
आमच्या शाखेतला तोमर म्हणाला, साहेब,
आमच्या गावी लग्नात बार उडाला नाही
तर पाहुणे विचारतात, घरात सुतक आहे का.
मंत्री कडक शब्दांत बोलले.
कडक शब्द पापडासारखे,
दोन दिवस उघड्यावर राहिले की सादळतात.
बाड्यावर शाळेतल्या मुली मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या.
वारा फार होता.
एकीची विझायची, शेजारची पेटवून द्यायची,
तोवर तिची विझलेली.
त्यांच्यापाशी मी थोडा वेळ थांबलो,
गळ्यातलं ओळखपत्र खिशात घालून.

शनिवारी आमच्या मराठी मंडळात
दोन मिनिटं शांतता पाळली. दीड झाली असतील.
मग कॉफी आली.
आपल्या लोकांत नसतं बाई असलं काही,
इनामदार काकू म्हणाल्या,
आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, भिंतीवर,
खंडेनवमीला पुजलेली तलवार होती,
मुठीला अजून हळदकुंकू.

सोमवारी मी फाइल काढली.
पोलिसांनी मागितली होती म्हणून, असं रजिस्टरात लिहिलं.
नववा रकाना.
आत्मरक्षा.
अक्षर माझं.
आणि माणूस आठवला, चेहरा नाही, त्याने आणलेली गजक.
मुरैन्याची, खुसखुशीत, किलोचा डबा.
घरी मी आणि कुमुदने थंडीभर पुरवून खाल्ली.
दाढेत अडकलेला तीळ
जिभेने काढत बसायचो रात्री, बातम्या बघताना.
डब्यात आता मोहरी असते.

काल मात्र.

काल खिडकीशी जो उभा राहिला
त्याच्या पायजम्यावर चुना वाळलेला, नखांत सिमेंट.
नाव रामबरन कुशवाह.
मुलं किती, तर एक. मग म्हणाला, नाही, लिहू नका.
फी आणली होती सुट्या नोटांत,
भरपाईचा चेक वटला की बाकीचं, बंदुकीचं.
फॉर्म त्याने जाळीखालून सरकवला.
बाबूजी, तुमही भर देओ.

पहिला रकाना भरला, दुसरा, तिसरा.
पत्ता, वय, ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण.
त्याला सांगायचं होतं मला
की घरी जा, की ही वस्तू घरात आली की काय होतं,
की अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही हाताळलेली नाही,
फक्त कागद, दादा, फक्त कागद.
पण ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी शुद्धलेखन शिकवलं
आणि याला कुठल्या तोंडाने.

नौ नंबर में का लिखत हैं? त्याने विचारलं.

पेन टेकलेलं होतं.
कागदावर शाईचा ठिपका पसरत होता, डाळीएवढा, मग वाटाण्याएवढा.
मागे रांगेत अकरा जण.
त्यातलं कुणीतरी म्हणालं,
हात चलाओ बाबूजी, लंच हो जाएगा.