हजेरीचा वार

मुलाचं नाव आदेश.
आदेश हणमंत खुडे, वय सोळा वर्षे चार महिने, राहणार रामटेकडी.
त्यामुळे मंडळाच्या कागदावर एक ओळ अशी उतरली :
'आदेशने आदेशाचे पालन केले नाही.'
टाइप करणाऱ्या बाई हसल्या.
मीही. सही करताना.

गुन्हा असा : खालच्या बिल्डिंगमधली स्कूटर,
चावी तिलाच लटकलेली.
फातिमानगरच्या चौकापर्यंत नेली, तिथं पेट्रोल संपलं.
पोलिसांनी धरला तेव्हा हा पठ्ठ्या
ती ढकलत परत आणत होता.
परत आणत होता, हे अहवालात लिहायला
रकाना नाही.

रकाने आहेत ते असे :
वडील व्यसनी आहेत काय. संगत कशी. घरात यापूर्वी कोणी.
अकरा वर्षं मी हे भरते आहे,
आधी निळ्या शाईनं, मग काळ्या, आता संगणकावर,
आणि अजून एकाही कागदानं मला विचारलेलं नाही
की मुलाला काय येतं.

अट : एक वर्ष देखरेख.
दर गुरुवारी सकाळी अकरा, येरवडा, खोली नंबर तीन.
गुरुवारच का?
माझ्या आधीच्या साहेबांचा गुरुवारी उपास असायचा,
जेवणाच्या सुट्टीचा वेळ वाचायचा.
साहेब निवृत्त झाले. वार राहिला.

पहिल्या गुरुवारी तो आला. मग एकदा उशिरा. मग नाहीच.
गैरहजर, गैरहजर, गैरहजर.
चौथ्यांदा कागद मंडळापुढे जातो
आणि मूल पुन्हा निरीक्षणगृहात,
जिथं नऊला दिवे जातात
आणि पोरं अंधारात एकमेकांना शिकवत बसतात
जे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

माझ्याकडे ब्याऐंशी फायली.
गृहभेटीचा भत्ता मिळतो, त्यात रिक्षा
वैदूवाडीपर्यंत पोचते. पुढे चढ, पायी.
गेले तो नेमका गुरुवार होता.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद,
हे मी सोसायटीच्या फळ्यावर वाचते,
दोन बादल्या जास्त भरते, विसरून जाते.
इथं वरती गुरुवार म्हणजे टँकर.
दहाला येईल नाहीतर बाराला.
आई मगरपट्ट्यात चार घरची भांडी घासत असते
आणि आदेश रांगेत. सात कॅन.
चार घरचे, तीन शेजारच्या गोदाक्कांचे.
पाइप त्याच्याच हातात.
कुणाचा नंबर, कुणाचं बाळ तापलंय म्हणून आधी,
सगळं तोंडपाठ. एकही बाई भांडत नव्हती.
मला बघून तो पळायलाच निघाला होता,
मग हातातल्या पाइपकडं बघून थांबला.
"मॅडम, पाच मिनटं. यांचं भरू द्या."

सोमवारच्या बैठकीत मी म्हटलं, वार बदलू या.
सगळ्यांचेच. ज्याला जो जमेल तो.
आणि महिन्यातनं दोनदा आपण जाऊ त्यांच्याकडं.
वरिष्ठ म्हणाले, एकाला सवलत दिली की सगळे मागतील.
म्हटलं, मागू देत की.
त्यांनी चहा मागवला.
विषय इतिवृत्तात आला नाही.

माझ्या वहीत आला.
आदेशला मंगळवार, संध्याकाळी सहा.
मुजम्मिलला शुक्रवार, कारण त्या दिवशी गॅरेज अर्धा दिवस.
यशोधनचं काय करावं कळत नाही, तो कुठल्याच वारी सापडत नाही.
आणि आदेशच्या अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूला
हातानं लिहिलं : रांग सांभाळता येते.
मंडळ कागद उलटून बघतं की नाही,
कोण जाणे.

या मंगळवारी तो आला, वीस मिनिटं उशिरा.
खुर्चीच्या कडेवर टेकला, पंखा बघत राहिला.
शाळा? बरी.
स्कूटर? नाय.
मग बराच वेळ नुसताच पंखा.
मग म्हणाला,
"तुमच्याकडं किती वाजता येतं पाणी?"
साडेसहाला, मी म्हटलं. सकाळी.
"लवकर येतं की."